उरलेली दोन मिनिटं

हजार पौंडांचं लोखंडी वजन दर वर्षी किंचित हलकं होतं. साखळीने उचलताना, ट्रकमध्ये ठेवताना, घासून. म्हणून वजनाचंही वजन करावं लागतं.

रस्ते खात्याच्या तळघरात दोनशे बारा खुर्च्या आहेत. त्यांच्यावरचं प्लॅस्टिक अजून काढलेलं नाही.

रूबार्बच्या आंबट देठांचा कूखन, म्हणजे जर्मन धाटणीचा केक, वर दालचिनी. त्यावरचा चंदेरी कागद आर्वेला घडी घालून परत न्यायची.

लोरीन दर वर्षी राज्याला अकराशे चाळीस डॉलर देते. तिला हे माहीत नाही.

हिरवा दिवा. पिवळा. लाल.

बायको म्हणते, हल्ली तुला काहीही विचारलं तरी तू 'जुळतो' म्हणतोस.

मागणी अर्जातल्या 'मंजूर न झाल्यास होणारे परिणाम' या चौकटीत पाचशे अक्षरं मावतात. दोन शब्दांमधली मोकळी जागाही अक्षर म्हणून मोजली जाते.

तपासणाऱ्याचे नाव

गेलन रुटन. विधानभवन, चौथा मजला, घुमटाच्या बरोबर खाली.

माझ्याकडे बारा खात्यांची अंदाजपत्रकं येतात. आमचं राज्य म्हणजे गवत, गहू आणि वारा. लोक थोडे. आमदार वर्षातून तीनच महिने जमतात, उरलेले नऊ महिने कोणी गुरं पाळतो, कोणी विमा विकतो. त्यामुळे आकडे वाचायला माझ्यासारखी माणसं ठेवलेली आहेत. आम्ही वाचायचं, मांडायचं आणि विचारल्याशिवाय बोलायचं नाही. मत तर मुळीच द्यायचं नाही. एकवीस वर्षं मी हे पाळलं.

मत मात्र होतं. सरकारचा पैसा असं काही नसतंच, असं माझं मत. तो कोणीतरी कमावलेला असतो आणि त्याच्याकडून घेतलेला असतो. घ्यावा लागतो, मान्य. रस्ते लागतात, तुरुंग लागतात. पण तो खर्च करताना ज्याच्याकडून घेतला त्याचा चेहरा डोळ्यांसमोर असायला हवा. हे मत माझं आजही आहे. पुढे जे काही सांगणार आहे त्याने ते बदललेलं नाही, हीच तर अडचण आहे.

माझ्या डोळ्यांसमोर लोरीनचा चेहरा असायचा.

मोजण्याचे एकक

विधानभवनापासून दोन चौकांवर एक कॅफे आहे. लोरीन तिथे सकाळपाळीला असते. एकदा कॉफी ओतता ओतता तिने आपला पगार, घरभाडं, मुलाच्या दातांची तार, गाडीचे हप्ते असं सगळं सांगून टाकलं. ती गेल्यावर मी कागदी रुमालावर मांडून पाहिलं. विक्रीकर, पेट्रोलवरचा कर, गाडीची नोंदणी. वर्षाला अकराशे अठरा डॉलर राज्याच्या तिजोरीत.

तेव्हापासून मी सगळं लोरीनमध्ये मोजायला लागलो. रस्ते खात्याच्या तिसऱ्या मजल्यावरचा गालिचा म्हणजे साठ लोरीन. साठ बायका वर्षभर उभ्या राहून कप उचलतात, आणि त्यातून एका मजल्यावर गालिचा अंथरला जातो.

ऑफिसात सगळे हसायचे. अर्थसमितीचे अध्यक्ष सिनेटर थेयर क्लिमेक यांना तर ते इतकं आवडलं की भर सुनावणीत माझ्याकडे वळून विचारायचे, "गेलन, हे किती लोरीन झालं?"

एकटी आर्वेला स्ट्रो हसली नाही.

"हे माप तू कुठून तपासून घेतलंस?" ती म्हणाली.

"कुठलं माप?"

"तुझी लोरीन. यंदाची आहे की जुनी? तिचा पगार वाढला असेल. दर वर्षी पडताळल्याशिवाय माप वापरायचं नसतं, गेलन. मी पंपांना सील लावत फिरते ते काय हौस म्हणून?"

दुसऱ्या दिवशी मी कॅफेत जाऊन विचारलं. तासाला चाळीस सेंट वाढले होते. अकराशे अठराचे अकराशे चाळीस झाले.

कार्यालयाचे नाव

राज्य वजनमापे कार्यालय. प्रमुख, आर्वेला स्ट्रो, वय सदुसष्ट. मंजूर जागा चार, माणसं तीन: ती स्वतः, प्रयोगशाळेतली एक बाई, आणि निरीक्षक मिलो फेख्ट. मिलोकडे एक ट्रक. ट्रकवर छोटी क्रेन आणि हजार हजार पौंडांची वीस वजनं. गावोगावच्या धान्य कोठारांवर जाऊन मिलो ती वजनं तिथल्या मोठ्या काट्यावर ठेवायचा. काट्याने वीस हजार दाखवले तर सील. एकोणीस हजार नऊशे दाखवले तर लाल पट्टी, आणि कोठाराच्या मालकाची तोंडभर शिवी.

दुसऱ्या निरीक्षकाची जागा सहा वर्षं रिकामी होती. ते काम, म्हणजे पेट्रोल पंप, आर्वेला शनिवारी स्वतः करायची. स्वतःच्या गाडीतून. जाण्यायेण्याचा भत्ता तिने कधी मागितला नाही.

लागू नियम

आमचं आर्थिक वर्ष तीस जूनला संपतं. एक जुलैला उरलेला पैसा तिजोरीत परत जातो. त्यामुळे जून उजाडला की खात्यांना उलटी होते तसा पैसा बाहेर पडतो. छपाईयंत्रं, पडदे, पाच वर्षं पुरतील इतके लिफाफे. शहरातला गालिचेवाला जुलैत बायकोला घेऊन समुद्रावर जातो, ते आमच्या जिवावर.

हे कसं थांबवायचं असं समितीने विचारलं, तेव्हा मी एक नियम सुचवला. ज्या खात्याने सलग तीन वर्षं पैसा परत केला, त्याच्या परतीची सरासरी काढायची आणि तेवढी रक्कम पुढच्या मंजुरीतून कायमची कमी करायची. लागत नाही ते मागायचं नाही. सिनेटर क्लिमेक एका पानाहून मोठा कागद वाचत नाहीत, म्हणून मी तो एका पानात बसवला. त्यांनी सूर्यफुलाच्या बिया चघळत वाचला, टरफलं कपात थुंकली आणि म्हणाले, "रुटन, हे तर दहा वर्षांपूर्वीच व्हायला हवं होतं."

नियम झाला.

मला वाटलं होतं, मोठी खाती सापडतील. रस्ते, आरोग्य, तुरुंग. त्यांनी फुगवलेली अंदाजपत्रकं उघडी पडतील. पण मोठ्या खात्यांमध्ये नियम वाचायला पगारी माणसं असतात. पहिल्याच जूनमध्ये रस्ते खात्याने एकही डॉलर परत केला नाही. दोनशे बारा खुर्च्या त्याच जूनच्या.

दुसऱ्या जूनपर्यंत सगळ्यांना कळलं. एकूण छप्पन्न खाती, त्यातली पंचावन्न तीस जूनला शून्यावर. बरोब्बर शून्य.

छप्पन्नावं कोणतं हे सांगायला नको.

मागील तीन वर्षांत परत केलेली रक्कम

एकतीस हजार.

अठ्ठावीस हजार.

चाळीस हजार.

दर जूनच्या शेवटच्या आठवड्यात ती चौथ्या मजल्यावर यायची. लिफ्टने नाही, जिन्याने. हातात कूखन. "गेलन, यंदा एकतीस हजार परत," असं दारातूनच सांगायची, जसं कोणी नातवंडाचं वजन सांगतं.

आम्हाला भेटी घ्यायला बंदी आहे. मी एक तुकडा खायचो आणि कॉफीच्या डब्यात दोन डॉलर टाकायचो. ती ते पाहून मान डोलवायची. मग कागदाची घडी घालून पर्समध्ये ठेवायची. एकाच कागदाने तिने किती कूखन झाकले असतील कोण जाणे. त्याला मऊ कापडासारख्या सुरकुत्या पडल्या होत्या.

नियमाचा मसुदा समितीत गेला तेव्हा तिने मला अभिनंदनाचं कार्ड पाठवलं होतं. 'शेवटी कोणीतरी शहाणपणाचं केलं.' सही: आ. स्ट्रो, वजनमापे.

(ही चौकट कार्यालयीन वापरासाठी)

तिसऱ्या जूनच्या चोवीस तारखेला मी तिला फोन केला. एकवीस वर्षांत कुठल्याही खातेप्रमुखाला असा फोन मी केला नव्हता.

"आर्वेला, यंदा किती उरतायत?"

"चौतीस. नक्की आकडा गुरुवारी सांगते."

"ते खर्च करून टाका."

"काय म्हणालास?"

"काहीतरी घ्या. काहीही. ट्रकला टायर घ्या."

"टायर चांगले आहेत. मिलोने एप्रिलमध्येच बदललेत."

"मग खुर्च्या घ्या."

"गेलन, तुझी तब्येत बरी आहे ना?"

"आर्वेला, ऐका. तीन वर्षांची सरासरी निघणार आहे. तुम्ही एकट्याच सापडताय. बाकी सगळ्यांनी..."

"हां," ती म्हणाली, आणि तिच्या आवाजात हसू आलं. "हां, कळलं. क्लिमेकने सांगितलंय का रे तुला असे फोन करायला? कोण भुलतंय ते बघायला?"

"नाही! मी स्वतः..."

"तू मला खुर्च्या घ्यायला सांगतोस! तू! बरं बाबा, लिहून घे. आर्वेला स्ट्रो भुलली नाही." आणि हसत हसत तिने फोन ठेवला.

मी परत फोन करू शकलो असतो. गाडी काढून तिच्या ऑफिसात जाऊ शकलो असतो, बारा मिनिटांचा रस्ता. पण जाऊन काय सांगणार होतो? की उधळा? जी एकमेव बाई माझ्यासारखा विचार करते तिला मी समजावून सांगू की आपण चुकतोय? की नियम बरोबर आहे, फक्त तुम्ही त्याहून जास्त बरोबर आहात?

गुरुवारी ती आली. कूखन. जिना. "चाळीस!" ती दारातून म्हणाली. चौतीसवर आणखी सहा हजार तिने कुठून तरी खरवडून काढले होते. पहिल्यांदाच तिने मला डोळा मारला.

तीन वर्षांची सरासरी तेहतीस हजार. माझा फोन नसता तर एकतीस.

मी तुकडा खाल्ला. डब्यात दोन डॉलर टाकले.

मागणी

ऑक्टोबरात उत्तरेकडच्या एका कोठारापाशी मिलो ट्रकखाली शिरला आणि बाहेर येऊन त्याने आर्वेलाला फोन लावला.

"बाई, सांगाडा गेला."

"गेला म्हणजे?"

"म्हणजे तडा गेलाय. हात जाईल एवढा. वजनं चढवली तर रस्त्यात दोन तुकडे होतील, आणि मी त्यांच्या मधोमध असेन."

सव्वीस वर्षांचा ट्रक. नवा एक लाख नव्वद हजारांना मिळत होता. आर्वेलाने तीन आठवडे फोन करून ओहायोमधला एक वापरलेला शोधला, एक लाख वीस हजारांचा. तेवढीच मागणी केली.

आणि त्याच आठवड्यात मंजुरीतून तेहतीस हजार कायमचे वजा झाल्याचं पत्र तिला गेलं. नियमानुसार. खाली तपासणारा म्हणून माझी सही.

ज्या जागेवर ती यंदा माणूस नेमणार होती, ती जागा त्यात गेली. मिलो एकसष्ट वर्षांचा, पाठ धरलेली. तिची सगळी काटकसर म्हणजे पुढे ढकललेला खर्च होता. ती सहा वर्षं स्वतःच्या शनिवारांनी तो मागे रेटत होती. काटकसर आणि ढकलणं यांतला फरक माझ्या कुठल्याच रकान्यात नव्हता. कागदावर दोन्ही सारखेच दिसतात. दोन्हींच्या शेवटी परत केलेली रक्कम असते.

मंजूर न झाल्यास होणारे परिणाम

तिने लिहिलं होतं:

*ट्रक नसेल तर मोठे काटे तपासता येणार नाहीत. मग ते बरोबर आहेत की नाहीत हे कोणालाच कळणार नाही.*

मी फोन केला. "आर्वेला, इथे पाचशे अक्षरं मावतात. तुम्ही शंभरही वापरली नाहीत."

"सांगायचं ते सांगून झालं."

"बाकीची खाती पाचशेच्या पाचशे भरतात. लहान मुलं, म्हातारी माणसं, सगळ्यांना आणतात त्यात."

"आणि ते वाचतं कोण?"

"मी."

"मग तुझाच वेळ वाचवला की."

पर्यायांचा विचार केला का?

केला. जानेवारीत, अधिवेशन सुरू होण्याच्या आदल्या दिवशी, सिनेटर क्लिमेक यांच्या खोलीत. विचारल्याशिवाय बोलायचं नाही हा दंडक मी सिनेटरांपुढे एकदाच मोडला, तो तिथे.

"बस," ते म्हणाले. "बिया घे. मिठाच्या आहेत."

"सिनेटर, वजनमापांबद्दल बोलायचं होतं."

"स्ट्रो बाई? चांगली बाई आहे. माझ्या कोठाराला तिने दोनदा लाल पट्टी लावलीय." हे ते कौतुकानेच म्हणाले. "काय झालं तिला?"

"नियम लागतोय. फक्त तिला एकटीलाच लागतोय."

"मग बाकीचे सुधारले असतील."

"सुधारले नाहीत. जूनमध्ये सगळं खर्चून टाकतात. त्यांची फुगवलेली मंजुरी आहे तशीच आहे, आणि जी खरोखर वाचवत होती तिचीच कापली जातेय."

त्यांनी टरफल थुंकलं. विचार केला. ते वाईट गृहस्थ नाहीत, हे मुद्दाम सांगतो. स्वतःच्या गुरांच्या कुंपणाची जुनी तार सरळ करून परत वापरतात.

"ती तीनशे एकोणऐंशी हजारांत चालवत होती ना?"

"हो, पण..."

"मग तेवढ्यात चालवेल."

"ती चालवत नव्हती, ढकलत होती. जुना ट्रक, रिकामी जागा, शनिवारी स्वतः. हे कधीतरी थांबणारच होतं."

"मग हे तिने आधी का नाही सांगितलं?"

"तिला वाटलं, सांगायचं नसतं."

टेबलाचा खण उघडून त्यांनी एक कागद काढला. माझाच. कोपऱ्यावर मिठाचा डाग. "हे बघ, इथे काय लिहिलंय. 'एकाला सोडलं तर चाळीस जण रांगेत उभे राहतील.' हे वाक्य कोणाचं?"

"माझं."

"खरं आहे की खोटं?"

"खरं आहे."

"मग? उद्या तुरुंगवाले येतील, म्हणतील आम्हीपण वाचवतो, आम्हालाही सोडा. मी त्यांना काय सांगू? की गेलनला स्ट्रो बाई आवडतात?" ते हसले. मग हसणं आवरून, अगदी खालच्या आवाजात म्हणाले, "स्वतःहून परत करणाऱ्यांसाठी नियमात एखादं वाक्य असतं तर गोष्ट वेगळी होती रे. मी आनंदाने सोडलं असतं. पण वाक्य नाहीये. आहे का?"

"नाही," मी म्हणालो.

सुनावणी

फेब्रुवारीचा दुसरा मंगळवार. छोट्या खात्यांना पाच मिनिटं. टेबलावर तीन दिवे: हिरवा म्हणजे बोला, पिवळा म्हणजे एक मिनिट उरलं, लाल म्हणजे पुरे. मी नेहमीप्रमाणे अध्यक्षांच्या डाव्या हाताला, किंचित मागे. मिलो प्रेक्षकांच्या शेवटच्या रांगेत, घट्ट कोट घालून, पाठीमुळे उभा.

आर्वेला आली. निळा कोट. हातात एकच कागद, तोही दोन्ही बाजूंनी लिहिलेला.

"अध्यक्षमहोदय, सदस्यहो. मी आर्वेला स्ट्रो, वजनमापे. आमच्याकडे तीन माणसं आणि एक ट्रक होता. ट्रक आता नाही. वापरलेला एक लाख वीस हजारांना मिळतो, मी स्वतः बोलून ठेवलंय, महिनाअखेरपर्यंत ते थांबतील. ट्रक आला तर राज्यातल्या चारशे मोठ्या काट्यांवर वजनं ठेवता येतील. नाही आला तर नाही. अकरा वर्षांत आम्ही तीन लाख चौदा हजार परत केले. ते मागायला आलेले नाही. परत केलं ते परत केलं. फक्त कळावं म्हणून सांगितलं."

क्लिमेक माझ्याकडे वळले. "गेलन, तीन लाख चौदा हजार. आकडा जुळतो?"

एवढंच. यापुढे मला विचारलेलं काही नव्हतं. माझ्या समोर मायक्रोफोन होता, त्याचं बटण माझ्या बोटाखाली होतं. मागे मिलो उभा होता. मी 'जुळतो, आणि' म्हणू शकलो असतो. 'आणि' हा लहानसा शब्द आहे.

"जुळतो," मी म्हणालो.

"आणि ट्रक किती लोरीन?"

"एकशे पाच."

सभागृह हसलं. आर्वेलाही जराशी हसली. मग तिने दिव्याकडे पाहिलं. तो अजून हिरवा होता.

"माझं म्हणणं संपलं, अध्यक्षमहोदय. उरलेली दोन मिनिटं परत करते."

टाळ्या पडल्या. खरंच पडल्या. "सगळे असे असते तर!" क्लिमेक म्हणाले. लिपिकाने ती दोन मिनिटं पुढच्या खात्याला जोडली. पुढचं खातं रस्ते. ते सात मिनिटं बोलले.

निर्णय

नऊ विरुद्ध शून्य. ट्रक नामंजूर. आणि ट्रकशिवाय, दोन-तीन माणसांसाठी, वेगळं कार्यालय कशाला, असं कोणीतरी विचारलं. प्रश्न योग्यच होता. तो मी स्वतः शंभर वेळा दुसऱ्या कार्यालयांबद्दल विचारला आहे. वजनमापे शेती खात्यात विलीन. यापुढे तपासणी तक्रार आल्यास. मिलोला आणि आर्वेलाला निवृत्ती. वजनं शेती खात्याच्या आवारात, ताडपत्रीखाली.

तक्रार आल्यास. पण तक्रार करायला आधी कळावं लागतं की माल कमी भरलाय. कळायला काटा लागतो.

पुढच्या अधिवेशनाची वेळापत्रकं मीच करतो. त्यात शेती खात्याच्या वेळेत वजनमापांसाठी एक उपओळ आहे. गेल्या वर्षीचा प्रत्यक्ष वापर पाहून वेळ द्यायची पद्धत आहे. तीन मिनिटं.

तपासणाऱ्याचे शेरे

मार्चमध्ये मी तिला फोन केला. ती घरी खोकी भरत होती.

"आर्वेला, मी..."

"नियम चांगला आहे, गेलन."

"नाही."

"चांगला आहे. मी तुझ्या जागी असते तर हेच केलं असतं. एकीला सोडून चालत नाही." मग, "तो जूनचा फोन. ती परीक्षा नव्हती ना?"

"नव्हती."

"हं."

मागे चिकटपट्टी फाडल्याचा आवाज आला.

"तरी मी घेतल्या नसत्या खुर्च्या," ती म्हणाली. "बसायला माणसं कुठे होती?"

शेरे (पुढे चालू)

काल सकाळी कॅफेत लोरीन कॉफी ओतत होती आणि वैतागलेली होती.

"माझ्या गाडीची टाकी किती गॅलनची असते ठाऊक आहे? बाराची. पुस्तकात लिहिलंय. आणि काल पंपावर किती दाखवलं? बारा पॉइंट सहा! टाकी पूर्ण रिकामीसुद्धा नव्हती."

"कुठल्या पंपावर?"

"हायवेजवळच्या. का?"

दुपारी मी तिथे जाऊन आलो. पंपाच्या बाजूला गोल सील होतं, उन्हाने उडालेलं. दोन वर्षांपूर्वीचं. त्यावर छापलेली सही: आ. स्ट्रो. मी गाडीत दहा गॅलन भरले. पंपाने दहा दाखवले. दहाच होते का, हे सांगणारं या राज्यात आता कोणी नाही.

आज सकाळी मी लोरीनला म्हटलं, "तक्रार कर. शेती खात्याकडे. अर्ज आहे."

"काय लिहू त्यात?"

"मी पाहिला अर्ज. पुरावा जोडा म्हणतात."

"पुरावा कुठला आणू? पोटात गेलेलं पेट्रोल दाखवू का गाडीला उताणं करून?" ती हसली, कप भरला. "जाऊ दे. टाकीच मोठी असेल."

मी खिशातून पेन काढलं आणि रुमालावर, सवयीने, मांडायला लागलो. दर भरणीला अर्धा गॅलन तरी. महिन्याला चार वेळा. वर्षाचे बारा महिने. मग धान्य, मांस, लाकूड, जे जे मोजून विकलं जातं ते सगळं. एका लोरीनचं किती आणि राज्यात लोरीन किती. पहिल्या ओळीच्या पुढे जाता येईना. अर्धा हा आकडाच तपासलेला नव्हता.

"काय लिहितोस?" तिने विचारलं.

"काही नाही. जुळतो."

नियमाचा पहिला मसुदा सव्वा पानाचा होता. स्वतःहून परत करणाऱ्या खात्यांना सूट देणारं वाक्य त्या पाव पानात होतं.